मागच्या तांबड्या दिव्याचें दुखणें

मोटारगाडीच्या पुढचे दिवे हांकणाऱ्यासाठीं असतात आणि मागचे दिवे दुसऱ्यांसाठीं असतात. पुढचा दिवा विझला तर तें हांकणाऱ्याला तत्क्षणीं कळतें, कारण त्याच्याच डोळ्यांपुढें अंधार होतो. मागचा तांबडा दिवा विझला, तर तो हांकणारा सोडून रस्त्यावरील सर्वांना कळतें. आपली गाडी मागून येणाऱ्याला दिसत आहे, अशा समजुतींत तो निश्चिंतपणें चाललेला असतो, आणि मागून येणारा लॉरीवाला पुढें रस्ता मोकळा आहे असें समजून भरधांव येत असतो. ‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण आपण नित्य वापरतों. पण ती इतकी अक्षरशः खरी झालेली क्वचितच पाहावयास मिळेल.

ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर अंतर तोडते. पुढें कांहीं आहे हें उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड-दोन सेकंद सहज निघून जातात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच तीस-चाळीस मीटर वाट सरलेली असते. हे सेकंद मागच्या माणसाला आगाऊ मिळवून देणें, एवढेंच त्या तांबड्या दिव्याचें काम. दिवा पांच वॅटांचा. घरांतल्या रात्रीच्या लहान दिव्याएवढा. पण गाडींतील माणसांचे प्राण त्याच्या स्वाधीन असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणें किती महाग पडेल तें निराळें सांगावयास नको.

हें दुखणें जुन्या गाड्यांत, आणि त्यांतहि जुन्या स्पोर्ट्स मोटारींत, फार आढळतें. ह्या गाड्या मुळांतच ठेंगण्या. त्यांचे मागचे दिवे जमिनीपासून थोड्याच उंचीवर असल्यामुळें उंच लॉरींत बसलेल्या माणसाच्या नजरेंत ते आधींच कमी भरतात. त्यांतला एक जरी विझला, तरी अंधारांत ती मोटार आहे कीं मोटारसायकल, हा संभ्रम पडतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत बल्ब गेला म्हणजे हांकणाऱ्यासमोर खूण उमटते. जुनी गाडी असली कोणतीहि सूचना देत नाहीं.

उदाहरणासाठीं एक गाडी

विषय हवेंत राहूं नये म्हणून येथें आम्ही एकच गाडी उदाहरणादाखल घेतों. तिचें नांव एमजीबी. ‘एमजी’ हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ ह्या नांवावरून आलेलीं आहेत. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती, आणि तेवढ्या काळांत पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यांपैकीं पुष्कळशा अमेरिकेंत गेल्या. दोन माणसांची बैठक, चार सिलिंडरांचें १७९८ घनसेंटिमीटरचें इंजिन, उंची अवघी सव्वा मीटर. रचना इतकी सरळ कीं, थोडी हौस व चार हत्यारें असलेल्या गृहस्थाला घरच्या घरीं तिची निगा राखतां यावी. म्हणूनच इंग्लंडांत व अन्यत्र हजारों कुटुंबांनीं ती आजहि जिवापाड जपलेली आहे.

ह्या जपणुकीला अलीकडे एक नवी जबाबदारी चिकटली आहे. इंग्लंडांत गाड्यांची दरवर्षीं सरकारमान्य तपासणी होते व तींत दिवे आवर्जून पाहिले जातात. परंतु मे २०१८ पासून, चाळीस वर्षांपूर्वींच्या व मूळ रचनेंत मोठा फरक न केलेल्या खासगी मोटारींना ह्या वार्षिक तपासणींतून सूट मिळाली आहे. गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य स्थितींत ठेवण्याचें बंधन मात्र मालकावर कायम आहे. म्हणजे पूर्वीं वर्षांतून एकदां परका मनुष्य मागें उभा राहून ‘दिवा लागत नाहीं’ असें सांगत असे. आतां तें सांगणारा कोणी उरला नाहीं. सूट मिळाली ती तपासणींतून, धोक्यांतून नव्हे.

‘अंधाराचा युवराज’

एमजीबीचें विजेचें सामान बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस ह्या नामांकित पेढीचें असे. जोसेफ लूकस ह्यानें एकोणिसाव्या शतकांत धंद्याला आरंभ केला, आणि पुढें इंग्लंडांतील बहुतेक मोटारींना विजेचें सामान पुरविण्यापर्यंत त्या पेढीचा विस्तार झाला. परंतु जुन्या गाड्यांच्या शौकिनांनीं लूकसला गमतीनें ‘अंधाराचा युवराज’ ही पदवी बहाल करून टाकली आहे! विनोद म्हणून हें ठीक. पण न्यायाच्या दृष्टीनें पाहिल्यास तितकेंसें खरें नाहीं. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या पितळेच्या टोकाला कळंक चढला, पत्र्याला गंज लागला, आणि मध्यंतरीं पांच-सात मालकांनीं आपापल्या अकलेनें तारा तोडून जोडल्या, तर त्याचा दोष मूळ करणाऱ्याच्या माथीं मारणें बरें नव्हे. उलट लूकसच्या पद्धतीचा एक मोठा गुण असा कीं, तारांचे रंग ठरलेले होते. बाजूच्या व मागच्या दिव्यांची तार तांबडी. ब्रेकच्या दिव्याची हिरवी, तिच्यावर जांभळी रेघ. डावीकडे वळण्याच्या दिव्याची हिरवीवर तांबडी रेघ, उजवीकडच्याची हिरवीवर पांढरी. आणि परत जाणारी, म्हणजे अर्थिंगची तार, काळी. मळ पुसून हे रंग ओळखतां आले, कीं निम्मी वाट सांपडली असें समजावें.

वीज येते कशी व जाते कशी

घरांतील दिव्याला दोन तारा असतात, एक येण्याची व एक जाण्याची. मोटारींत येण्यासाठीं तार असते, परंतु जाण्याचें काम बहुतांशीं गाडीचा पत्राच करतो. बॅटरीचें एक टोक पत्र्याला जोडलेलें असतें, आणि प्रत्येक दिव्याचें घरहि पत्र्याला टेकलेलें असतें. ह्यालाच अर्थिंग म्हणतात. एमजीबींत एक वैशिष्ट्य असें कीं, १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोक पत्र्याला जोडलेलें असे, आणि त्यानंतरच्या गाड्यांत ऋण टोक. शिवाय १९७४ पर्यंत बैठकींच्या मागें सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून बारा व्होल्ट मिळविलेले असत. साध्या बल्बाला धन-ऋणाचें सोयरसुतक नसतें. पण ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

मागच्या बल्बाच्या एकाच कांचेंत दोन तंतु असतात. एक पांच वॅटांचा, रात्रीं सतत तेवणारा. दुसरा एकवीस वॅटांचा, ब्रेक दाबतांच प्रखर होणारा. दोघांची येण्याची वाट निराळी, पण जाण्याची वाट एकच. मागच्या माणसाला ‘पुढें गाडी आहे’ आणि ‘पुढची गाडी थांबत आहे’ ह्या दोन गोष्टी केवळ प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून ओळखावयाच्या असतात. म्हणून दिवा नुसता लागून भागत नाहीं. जितका लागावयास पाहिजे तितकाच लागला पाहिजे.

निदानाची रीत

दिवा लागेनासा झाला, कीं पुष्कळ जण घाईघाईनें नवा होल्डर, नवा स्विच, नवी तार विकत आणून एकामागून एक बदलीत सुटतात. हें वैद्यानें नाडी न पाहतां कपाटांतल्या सगळ्या मात्रा रोग्याला चाटविण्यासारखें आहे. आपल्या नैयायिकांनीं कार्यावरून कारण शोधण्याची अन्वय-व्यतिरेकाची रीत घालून दिली आहे. जें असतां होतें व जें नसतां होत नाहीं, तें कारण. मोटारीच्या दिव्याला ही रीत तंतोतंत लागू पडते.

आरंभीं गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा, संध्याकाळीं पांढऱ्या भिंतीकडे तिची पाठ करावी, आणि घरांतील एखाद्या मुलाला आंत बसवून क्रमानें दिवे लावावयास सांगावें. प्रथम नुसते बाजूचे दिवे. मग ते चालू असतांच ब्रेक. मग ब्रेक सोडून डावें-उजवें वळण. आणि शेवटीं सर्व एकदम. ब्रेकचे व वळणाचे दिवे किल्ली फिरविल्यावांचून लागत नाहींत, हें विसरूं नये. काय होतें तें कागदावर लिहून घ्यावें. ह्या पांच मिनिटांत पुढची पांच तासांची धडपड वांचते.

दोन्ही बाजूंचे मागचे व पुढचे लहान दिवे एकदम गेले असतील, तर दोष चारी दिव्यांच्या सामाईक वाटेंत, म्हणजे स्विच किंवा फ्यूज ह्यांत शोधावा. फक्त ब्रेकचे दोन्ही दिवे गेले असतील, तर ब्रेकच्या स्विचवर संशय घ्यावा. त्यांच्याच जोडीला पेट्रोलचा कांटा पडला असेल व वळणाचे दिवेहि मुके झाले असतील, तर फ्यूज गेला असें समजावें, कारण ह्या तिघांचा पुरवठा एकाच फ्यूजमधून होतो. आणि एकाच बाजूचा एकच दिवा गेला असेल, तर पुढें इंजिनाकडे जाण्याचें कारणच नाहीं. दोष त्या दिव्याच्या वीतभर टापूंत आहे. दहांपैकीं आठ वेळां तो येथेंच सांपडतो.

बल्ब व त्याचें घर

तांबड्या कांचेचे स्क्रू काढून बल्ब किंचित् दाबून फिरविला कीं बाहेर येतो. त्याचा तंतु तुटलेला आहे का, कांच आंतून काळवंडली आहे का, हें उजेडाकडे धरून पाहावें. पण डोळ्यांवर विसंबूं नये. दुसऱ्या बाजूचा चांगला बल्ब येथें आणि येथला तेथें लावून पाहावा. दोष बल्बाबरोबर गेला, तर बल्ब दोषी. दोष जागच्या जागीं राहिला, तर बल्ब निर्दोष. अन्वय-व्यतिरेकाचा ह्याहून सोपा पाठ कोणता असेल?

बल्बाच्या दोन कानांकडेहि पाहावें. हे कान मुद्दाम खालींवर ठेवलेले असतात, अशासाठीं कीं बल्ब उलटा बसूं नये. परंतु होल्डर झिजला असेल किंवा कोणी जोर केला असेल, तर तो उलटा बसतोहि. मग काय होतें? सबंध रात्र एकवीस वॅटांचा तंतु जळत राहतो, आणि ब्रेक दाबला म्हणजे पांच वॅटांचा क्षीण तंतु त्यांत भर घालतो. मागच्या माणसाला ही गाडी सदैव थांबत असलेली दिसते, आणि खरोखर थांबते तेव्हां कांहींच निराळें दिसत नाहीं. दिवा गेलेला परवडला, पण खोटें सांगणारा दिवा नको!

त्यानंतर होल्डरच्या तळचीं पितळी टोकें पाहावीं. त्यांवर हिरवट कळंक असेल, तर बारीक पॉलिश-पेपरनें तीं चकचकीत करावीं. स्प्रिंग दबलेली असेल तर टोक थोडें वर उचलावें. तत्पूर्वीं बॅटरीची अर्थिंगची तार सोडवून ठेवण्यास चुकूं नये. बॅटरीच्या दोन तारांपैकीं नेहमीं अर्थिंगचीच आधीं सोडवावी व शेवटीं जोडावी. कारण ती सुटलेली असली, कीं पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाहीं. देवघरांतील समई आपल्या घरांतील बायका चिंचेनें घासतात, तो उपाय येथें करूं नये. समई नंतर भरपूर पाण्यानें धुतली जाते. होल्डर तसा धुतां येत नाहीं, आणि चिंचेचा आंबटपणा फटींत राहून पुन्हां कळंक चढवितो. साफ झाल्यावर बोटभर व्हॅसलीन चोपडून ठेविलें म्हणजे दमट हवा दूर राहते.

पत्र्यांत हरवलेली वाट

बल्ब चांगला, टोकें चकचकीत, तरीहि दिवा नीट नाहीं, अशा वेळीं येणाऱ्या वाटेपेक्षां जाणाऱ्या वाटेवर अधिक संशय घ्यावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत दिव्याचें घर ज्या स्क्रू-नटांनीं बसविलेलें असतें, त्यांतूनच वीज पत्र्यांत उतरते. मध्यें रबराची गादी असते, नटाखालीं गंज असतो. गाडीला नवा रंग दिला असेल, तर तो रंगहि विजेला आडवा येतो. म्हणूनच आदल्या आठवड्यापर्यंत ठीक असलेला दिवा, गाडी हौसेनें रंगवून आणल्यावर एकाएकीं बिघडलेला आढळतो. मालकाला ह्याचें कोडें पडतें. खरें पाहतां त्यांत नवल कांहींच नाहीं.

अर्थिंग तुटल्याचीं लक्षणें मोठीं चमत्कारिक असतात. रात्रीचा दिवा जवळजवळ नेहमीसारखाच तेवत असतो, पण ब्रेक दाबतांच उजळण्याऐवजीं तो साफ विझतो! किंवा नुसता ब्रेक दाबल्यावर, न लावलेले पुढचे लहान दिवे मंदपणें लुकलुकूं लागतात. किंवा वळणाचा दिवा उघडझाप करूं लागला, कीं त्याच्या तालावर तांबडा दिवाहि मंद-तेज होतो. अडाणी मनुष्य ह्याला गाडीची भुताटकी म्हणेल. पण कारण सरळ आहे. जाण्याची वाट बंद झाली म्हणून वीज स्वस्थ बसत नाहीं. ती शेजारच्या तंतूंतून उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यांतून कशीबशी पत्रा गांठते. रात्रीचा तंतु अशा रीतीनें ब्रेकच्या तंतूंतून आपली वाट काढतो. थंड असलेला ब्रेकचा तंतु विजेला फारसा अडथळा करीत नाहीं, म्हणून दिवा ठीक दिसतो. पण ब्रेक दाबतांच त्या बाजूनेंहि बारा व्होल्ट येतात. तंतूच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब झाला म्हणजे प्रवाह वाहणार कोठून? दिवा विझतो. ज्या क्षणीं मागच्याला इशारा द्यावयाचा, नेमक्या त्याच क्षणीं तो विझतो, हें ह्या दोषाचें भयंकर स्वरूप आहे.

वाट अगदींच तुटली नसून नुसती चिंचोळी झाली असेल, तर फसवणूक अधिक सूक्ष्म असते. जर्मन पंडित ओम ह्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें ती आंकड्यांत मांडतां येते. एकवीस वॅटांच्या पेटलेल्या तंतूचा रोध सुमारें ७ ओम असतो, पांच वॅटांच्या तंतूचा सुमारें २९ ओम. गंजलेल्या नटानें आणखी २ ओम रोध घातला असें धरूं. पांच वॅटांच्या तंतूला बारांपैकीं सव्वाअकरा व्होल्टांच्या आसपास मिळतात. त्याचा उजेड थोडासाच उतरतो. परंतु एकवीस वॅटांच्या तंतूला जेमतेम सव्वानऊ व्होल्ट मिळतात. आणि उजेड व्होल्टांच्या प्रमाणांत नव्हे, तर त्याहून फार झपाट्यानें उतरत असल्यामुळें, व्होल्ट चतुर्थांशानें कमी होतांच उजेड निम्म्याहूनहि खालीं जातो. तात्पर्य, रात्रीचा दिवा पाहून ‘ठीक आहे’ असें म्हणणारा फसतो. ब्रेकचा दिवा हाच अर्थिंगचा खरा परीक्षक होय.

परीक्षा अगदीं सोपी आहे. एक हातभर तार घेऊन तिचें एक टोक दिव्याच्या घराच्या उघड्या धातूला व दुसरें टोक पत्र्याच्या खरवडलेल्या जागीं धरावें. दिवा एकदम उजळला, तर रोग सांपडला. मग नट काढून, गंज व रंग खरवडून, दांतेरी वायसर घालून पुन्हां घट्ट बसवावा. अथवा दिव्याच्या घरापासून पत्र्याच्या निरोगी भागापर्यंत स्वतंत्र काळी तार ओढावी. दुसरा उपाय अधिक टिकाऊ.

येणारी वाट

अर्थिंग निर्दोष ठरल्यावर येणाऱ्या तारेकडे वळावें. मागच्या तारा डिकींत येऊन तेथें पुढच्या तारांना जोडलेल्या असतात. तारेच्या टोकाला बंदुकीच्या गोळीसारखा पितळी तुकडा असतो, आणि तो एका रबरी नळीतल्या धातूच्या पुंगळीत दाबून बसविलेला असतो. डिकींत पाणी झिरपतें, सामान आपटतें, आणि ह्या पुंगळ्या आंतून गंजतात. हातानें एकेक जोड हलवून पाहावा. हलवितांना दिवा लुकलुकला, तर दोष तेथेंच. पुंगळ्या फार महाग नसतात. जुन्या पुसत बसण्यापेक्षां नव्या घालणें शहाणपणाचें.

येथें मल्टिमीटर वापरणाऱ्यांस एक सूचना द्यावीशी वाटते. बल्ब काढून होल्डरमध्यें मीटर लावला आणि त्यानें बारा व्होल्ट दाखविले, म्हणजे तार चांगली, असें अनुमान करूं नये. मीटर स्वतः जवळजवळ कांहींच प्रवाह घेत नाहीं. एका बारीक धाग्यानें लोंबकळणाऱ्या तारेंतूनहि तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवील. नळाची तोटी बंद असतां गाळानें भरलेल्या नळांतहि पाण्याचा दाब पूर्णच असतो. तोटी उघडली म्हणजे धार किती येते त्यावरून नळाची पारख होते. म्हणून बल्ब पेटलेला असतांनाच मोजमाप करावें. मीटरचें एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला व दुसरें दिव्याच्या घराला लावावें. ब्रेक दाबलेला असतां एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर ठीक, अर्ध्या व्होल्टाच्या पुढें कांटा गेला तर जाणारी वाट रोगी आहे. मीटर नसेल, तर होल्डरला दोन तारा जोडलेला एकवीस वॅटांचा एक सुटा बल्ब हेंहि उत्तम साधन आहे. तो खरा प्रवाह मागतो, म्हणून खरी परीक्षा घेतो.

ब्रेकच्या स्विचची परीक्षा तर त्याहूनहि सोपी. हा स्विच जुन्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दाबानें चालतो, नंतरच्यांत पायपट्टीजवळ बसविलेला असतो. किल्ली फिरवून त्याच्या दोन तारा एकमेकींना टेकवाव्या. दिवे लागले, तर तारा निर्दोष आणि स्विच गेला. तेलाच्या दाबाचे स्विच हळूहळू मरतात. आधीं जोरानें दाबल्यावरच दिवा लागतो, मग केव्हांतरी तोहि लागेनासा होतो. असा स्विच बदलल्यावर तेलांत हवा शिरलेली असते. ती काढून टाकल्यावांचून गाडी हलवूं नये.

फ्यूजशीं खेळ नको

सुरुवातीच्या एमजीबींत फ्यूज दोनच असत, आणि बाजूच्या व मागच्या दिव्यांच्या वाटेत फ्यूजच नसे. पुढें १९७० च्या सुमारास चार फ्यूजांची पेटी आली, व डाव्या-उजव्या बाजूच्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज मिळाले. त्यामुळें एक बाजू गेली तरी दुसरी तेवत राहते. जुन्या गाडीच्या मालकानें ह्या तांबड्या तारेंत एक लहानसा फ्यूज स्वतः घालून घेतला, तर ती मूळ स्वरूपाची हानि नसून गाडीचें रक्षण आहे. फ्यूज नसतां तांबडी तार पत्र्याला घांसली, तर वितळणार ती तारच. आणि ती तार पेट्रोलच्या टाकीपासून फार दूर नसते.

एक बारकावा अवश्य सांगितला पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी फ्यूजवर ३५ अँपिअर असा आंकडा असे. तो फ्यूज जळून जाण्याचा आंकडा. सतत वाहण्याचा आंकडा १७ अँपिअर होता. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर लिहिलेला आंकडा सतत वाहण्याचा असतो. आंकडा तोच पाहून दुसऱ्या पद्धतीचा फ्यूज बसविला, तर संरक्षण निम्म्यावर येतें. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्यावर चांदीचा कागद गुंडाळणें किंवा त्याच्या जागीं खिळा घालणें, ह्याला दुरुस्ती म्हणणें म्हणजे राखणदार भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखें आहे. फ्यूज जातो तो कांहींतरी सांगण्यासाठीं. तें ऐकून घ्यावें, मग नवा घालावा.

एलईडीचा मोह

आजकाल जुन्या होल्डरांत बसणारे एलईडी दिवे मिळतात. ते प्रवाह फार थोडा घेतात, तापत नाहींत, आणि ब्रेक दाबतांच क्षणार्धांत पेटतात. हे गुण नाकारतां येत नाहींत. परंतु तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, एलईडीला धन-ऋणाचा भेद कळतो. धन टोक पत्र्याला असलेल्या १९६७ पूर्वींच्या गाडींत साधा एलईडी पेटणारच नाहीं, त्यासाठीं बनविलेलाच घ्यावा लागतो. दुसरी, वळणाच्या दिव्यांची उघडझाप करणारी जुनी डबी बल्बांच्या प्रवाहानें तापून चालते. एलईडीचा क्षीण प्रवाह तिला पुरत नाहीं, म्हणून डबीहि बदलावी लागते. तिसरी, तांबड्या कांचेमागें तांबडाच एलईडी शोभतो. पांढऱ्याचा बराचसा उजेड त्या कांचेंतच जिरतो. शिवाय आपल्या देशांतील नियम अशा बदलाला मुभा देतात कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. आणि मुख्य म्हणजे गंजलेल्या अर्थिंगवर एलईडी बसविणें हा उपाय नव्हे. रोग तसाच ठेवून रोग्याला नवे कपडे घातल्यासारखें तें होईल.

घरच्या वळणाचा भाग

वरील सर्व कामाला खर्च म्हणावा तर एका बल्बाचा, थोड्या पॉलिश-पेपरचा व दोन-चार पुंगळ्यांचा. खरा खर्च लक्ष देण्याचा आहे. म्हणून ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल, त्यांनीं हें काम एकट्याच्या स्मरणावर न टाकतां घराची रीत म्हणून ठरवून टाकावें. गाडी रात्रीं बाहेर निघण्यापूर्वीं एकानें आंत बसावें, एकानें मागें उभें राहावें, आणि ‘तांबडा, ब्रेक, डावा, उजवा’ असें मोठ्यानें म्हणून चारी दिवे पाहून घ्यावे. मुलांनाहि हें काम आवडतें, व जाणाऱ्या-येणाऱ्या वाटेचा पाठ पुस्तकाशिवाय त्यांच्या मनावर ठसतो. मनुष्य एकटाच असेल, तर दुकानाच्या मोठ्या कांचेंत किंवा मागच्या भिंतीवर पडलेला तांबडा उजेड पाहून तो आपली खात्री करून घेऊं शकतो. दर पावसाळ्यानंतर एकदां तांबड्या कांचा काढून आंतील धूळ पुसावी, आंतला आरसा काळा पडला असेल तर तो उजळून घ्यावा, पाणी शिरतें असें दिसल्यास रबराची गादी बदलावी, आणि जास्तीचे दोन बल्ब व फ्यूज फडक्यांत गुंडाळून गाडींत ठेवावे. दिवा रस्त्यांत गेला, तर ते तेथेंच बदलतां येतात. आणि तेंहि न साधल्यास, तशा गाडीनें अंधारांत पुढें न जातां ती रस्त्याच्या कडेला नीट उभी करून सकाळची वाट पाहावी.